अप्पारावांचं भाषण, मालनबाईंचं गाणं

मी टेंभुर्णीच्या अप्पारावांचा रेडिओ बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा. पण आजवर दुसऱ्यांचं बोललो, आज स्वतःचं बोलतो.

एक्याऐंशी साली जालन्याच्या दुकानातून अप्पाराव मला मांडीवर घेऊन एसटीनं आले. ओसरीच्या कोनाड्यात बसवलं. झालरीचा झगा शिवला त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी; कान पिळायचा हक्क मात्र अप्पारावांचा.

संध्याकाळी माझ्याकडे आधी भाषण असे, मग शास्त्रीय गाणं. गाणं लागलं की अप्पाराव म्हणत, "हा माणूस कव्हाचा एकच ओळ घोळून राह्यला," आणि पेंगत. ज्यांना गाणं हवं त्या मालनबाई आत भाकरी थापत. स्टोच्या फरफरीतून गाळून येईल तेवढंच त्यांचं. एक गाणं बसून, पुरं ऐकायचं, एवढीच त्या बाईची इच्छा. आलाप रंगला की कुणीतरी पाणी मागे.

मग एकदा अप्पारावांचंच भाषण लागलं. औरंगाबाद केंद्रावर जाऊन बोलून आले होते. विषय, 'घरकामात पुरुषाचा वाटा'. मला हसताही येईना. तोंडात भाषण होतं.

ओसरी माणसांनी भरली. एकच माणूस माझ्या पोटात आणि समोर बाजेवरही. पोटातला म्हणाला, "पुरुषांनो, चूल एकट्या बाईची नव्हे." बाजेवरचा म्हणाला, "अगं, चहा टाक सगळ्याइला."

मालनबाई बाहेर आल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"ऐकून राह्यले मी. काय बराबर बोलले हो तुम्ही!"

"मंग चहा?"

"ते बी तुम्हीच सांगितलं की आत्ता."

शेजारचा कचरू खिदळला, "उठा अप्पा! गावानं ऐकलंय."

अप्पाराव उठले. आत भांडी आपटली, मग हाक आली, "साखर कुठंय?"

"भाषणात न्हाई आलं का ते?"

भाषण अख्ख्या ओसरीनं ऐकलं, वक्ता सोडून. मग यमन लागला. माणसं उठून गेली, मालनबाई हलल्या नाहीत. पाणचट चहा आला, तो माझ्यावरची नजर न काढता प्यायल्या. गाणं संपेपर्यंत त्या घरात कुणाला भाकर मिळाली नाही, आणि कुणी मेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पाराव पुन्हा पाणी मागू लागले. मालनबाई बसल्या जागेवरून "माठात हाय" म्हणायला शिकल्या.

आता टीव्ही आलाय. मी माळ्यावर, पोटात सेल नाहीत. मोडीत घातलंत तरी तक्रार नाही. फक्त एवढं करा: घरात गाणं लागलं तर आवाज मोठा करून आत पोचवू नका, आतल्या बाईला बाहेर आणून बसवा. भाकरी तुम्ही थापा. करपली तर करपलेली खा.