जरा ते मशीन बंद कर

मित्रांनो, मी एक जुने प्राणवायू देणारे यंत्र आहे. दिसायला म्हणाल तर चाकांवरची पेटीच. खोलीतली हवा आत ओढायची, तिच्यातला प्राणवायू गाळून घ्यायचा आणि नळीवाटे आजाऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचवायचा, एवढे माझे काम. मला कोणी हौसेने घरी आणत नाही. नवे कपाट आले की शेजारीपाजारी बघायला येतात. मी आलो की ते जिन्यातच आवाज खाली करतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगात रग होती. वाटायचे, माझ्यापुढे मरणाची काय बिशाद! पहिल्या घरातली म्हातारी गेली, तेव्हा माझेच काहीतरी चुकले असे मी समजलो. मग घरे बदलत गेली. मला भाड्याने देणाऱ्या दुकानातला मिस्त्री झाडूनपुसून पुढच्या घरी पाठवायचा. माझी मिजास केव्हाच उतरली.

शेवटचे घर मात्र विसरता येत नाही. तिथले आजोबा फरशी बसवणारे कारागीर. उभा जन्म फरश्या कापण्यात गेला आणि ती बारीक धूळ छातीत साठत राहिली. डॉक्टरांनी आजीला आणि लेकीला बाहेर बोलावून सांगितले, "आता घरीच ठेवा. त्यांच्याजवळ बसा." आजीने त्यातले पहिले तेवढे ऐकले.

ती माझी फार निगा राखी. माझी जाळी धुऊन सावलीत वाळवी, अंगावर धुळीचा कण टिकू देत नसे. मी आपला फुशारून जाई. पुढे लक्षात आले, की नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून ती मला पुसत बसते.

आजोबांना बोलायचे होते. एकदा त्यांनी बोटाच्या पेराने आपल्याच छातीवर टकटक केली. बसवलेली फरशी खालून भरली आहे की पोकळ, हे ते जन्मभर असेच वाजवून बघत आले होते.

"ऐकलंस? पोकळ वाजतंय. डॉक्टरांनी वाजवलं ना, तेव्हाच कळलं मला."

"काय म्हणालात? या मशीनच्या आवाजात काही म्हणजे काही ऐकू येत नाही," असे म्हणत आजी स्वयंपाकघरात गेली.

माझी घरघर मोठी, हे खरे. पण माझ्या शेजारी बसून तिला जिन्यावरची दूधवाल्याची हाक बरोबर ऐकू येई. लेकीची तीच तऱ्हा. "बाबा, तुम्ही ठणठणीत होणार आहात," असे म्हणायची आणि गॅलरीत जाऊन डोळे पुसायची.

एका दुपारी आजोबा म्हणाले, "जरा ते मशीन बंद कर." आजीला तेही ऐकू आले नाही. तेव्हा त्यांनी काठीच्या टोकाने माझे बटण दाबले. मी गप्प झालो. खोलीत नुसती त्यांच्या छातीची शिट्टी उरली.

"अहो, हे काय केलंत!" आजीचा हात बटणाकडे झेपावला. त्यांनी तिचे मनगट धरले.

"आता... येतंय ना ऐकू? मी मरतोय गं. आणि मला भीती वाटते. हे तुला नाही सांगायचं, तर कुणाला?"

आजीने बटणाकडचा हात मागे घेतला. "मला पण वाटते हो," ती म्हणाली. "तुम्ही बोललात की खरं होईल, म्हणून ऐकत नव्हते."

आजोबांचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा तिने मला सुरू केले. पण फडके हातात घेतले नाही. ती खाटेवर त्यांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला. त्यानंतर ती दोघे रोज अशीच बोलत. मध्येच हसत, मध्येच रडत. काय बोलत ते मला कधी ऐकू आले नाही.

एका सकाळी आजोबा गेले. मी चालूच होतो. नळीतून हवा येत होती, ती घ्यायला कोणी नव्हते. बऱ्याच वेळाने आजीने मला बंद केले.

आता मी दुकानाच्या कोपऱ्यात पडलो आहे. मिस्त्री मला तपासून म्हणाला, "याचा दम संपला. सुटे भाग तेवढे काढून घेऊ."

मित्रांनो, माझ्यासारख्यांची जाळी जरूर धुवा. पण घरातले आजारी माणूस मरणाचा विषय काढील, तेव्हा कामाचे निमित्त करून उठू नका. त्याला तुमच्याकडून उत्तर नको असते. उद्या मिस्त्री माझे स्क्रू काढायला बसेल. मला भीती वाटते. हे कुणाला तरी सांगता आले, बरे वाटले.