दोघा भावांनी पोखरलेला मी

मी ब्लॉक बोलतोय. इंजिनाचा ब्लॉक, ज्या लोखंडी ठोकळ्यात सिलिंडर कोरलेले असतात, तोच. ऐकायचं तर ऐका, पण माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला ओतलं तेव्हा माझ्या भिंती चांगल्या जाड होत्या. दोनच सीट असलेल्या एका लाल स्पोर्ट्स कारमध्ये मला बसवलं. आमचे मालक स्वतः बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडर कोरून रुंद करायचं, काम करायचे. सिलिंडर झिजले तसे त्यांनी मला दोनदा कोरून थोडे मोठे पिस्टन घातले आणि मुलांना बजावलं, "आता पुन्हा नाही."

ते गेले. थोरल्याला वर्कशॉप मिळालं, धाकट्याला गाडी. थोरल्यालाही गाडीच हवी होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

धाकट्याला मी पुरेना. जुन्या गाड्यांच्या एका शर्यतीत मागे पडला आणि खापर फोडलं माझ्या माथी. आणखी मोठे पिस्टन मागवले, मला खोललं आणि थोरल्याच्या दारात आणून टाकलं. जुन्या ब्लॉकला हात लावणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

थोरल्याने माझ्या भिंती मोजल्या. परत मोजल्या.

"दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये भिंतच उरत नाही. फुटेल."

"फुटेल म्हणे! माझी गाडी पळालेली तुला बघवत नाही, दादा. सरळ सांग ना."

थोरल्याच्या मानेची शीर ताठ झाली. वाटलं, आता हाकलून देईल. पण त्याने मला मशीनवर चढवलं. "आण तुझे पिस्टन."

चारही सिलिंडर त्याने बिनचूक कोरले. त्याचीच मला चीड येते. आपण काय करतोय, हे त्याला केसाच्या जाडीइतकं नेमकं ठाऊक होतं.

गाडी पळाली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी चढावर, शेजारी धाकट्याची बायको बसलेली असताना, माझी भिंत फाटली. मला थंड ठेवणारं पाणी तेलात शिरलं आणि मी जागच्या जागी जाम झालो. मागचा ट्रक वीतभर अंतरावर थांबला. धाकट्याने घाईघाईत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि हात भाजून घेतला. बायको उतरून घराकडे चालू लागली.

हाताला पट्टी बांधून तो मला परत घेऊन आला.

"फुटला."

"सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस. मग केलंस का?"

थोरला फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"ती शेजारी बसते, माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं," थोरला म्हणाला.

धाकटा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता निघून गेला.

आता मी बाकाखाली पडून आहे. थोरला रोज माझ्या भेगेवरून बोट फिरवतो. म्हणतो, सिलिंडरमध्ये लायनरची लोखंडी नळी ठोकून तुला होतास तसा करतो.

नको. मला भट्टीत टाका, माझं गटाराचं झाकण करा, चालेल. एकाच्या हावेने आणि दुसऱ्याच्या रागाने मला पोखरलं. दोघांनाही माफी नाही. आणि थोरल्या, तुला काही जोडायचंच असेल, तर आधी भावाच्या घरी जा. तोवर मला हात लावू नकोस.