सातव्या वळणावरचा टायर

मित्रांनो, सातव्या वळणावरच्या भिंतीत तळाशी दबलेला जुना टायर म्हणजे मी. दोन वर्षं मी ट्रकखाली माजरीच्या खाणीतून बल्लारपूरला कोळसा वाहिला. ड्रायव्हर रोज लाथ मारून हवा बघायचा. तेवढीच माझी विचारपूस. नक्षी झिजली तसा पंक्चरच्या दुकानामागे डास पाळत पडलो.

मग जवळच शर्यतीचा ट्रॅक झाला. चौदा वळणं, किलोमीटरभर सरळ पट्टा, पाहुण्यांना काचेची थंडगार गॅलरी. सातव्या वळणाबाहेर घसरलेली गाडी रुतून थांबावी म्हणून खडीचा रुंद पट्टा आखला होता. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला तो निम्मा कापला. एवढी त्यांची अक्कल. जीव वाचवायचं उरलेलं काम आम्हा भंगार टायरांच्या भिंतीकडे आलं.

आम्हाला रुखमाबाईनं बांधलं. ती मजुरीवर आलेली. तीन रांगा रचून तिनं प्रत्येक टायर शेजारच्याला बोल्टनं जखडला.

एके दिवशी सकाळच्या शर्यतीत विक्की नावाचा गडी ब्रेक उशिरा दाबून थेट आमच्यावर आदळला. आम्ही दबलो, फाटलो, पण गाडी थांबवली. तो धडधाकट बाहेर आला, माझ्याकडे बघून 'कचरा' म्हणाला आणि गॅलरीकडे हात हलवत गेला. असल्यांना टाळ्याही मिळतात.

आमचे बोल्ट तुटले होते. सुपरवायझर कुलदीपनं लाल-पांढरा रंग मागवला. फोटोत भिंत नीट दिसली म्हणजे झालं, हे त्याचं शास्त्र.

रुखमाबाईनं ब्रश खाली ठेवला. "भाऊ, बोल्ट आणा. रंगानं गाडी थांबत नाई."

"दुपारची शर्यत आहे, बाई. उद्या पाहू."

ती ट्रॅकच्या मधोमध जाऊन बसली. "मंग शर्यतही उद्याच होऊ द्या."

काचेमागचे पाहुणे पाऊण तास चडफडले. उन्हात बसलेली बाई मात्र हलली नाही. शेवटी बोल्ट आले. तिनं स्वतः एकेक आवळला, मगच ट्रॅक सोडला.

दुपारी सातव्या वळणावर कोणीच घसरलं नाही. कुलदीप हसून म्हणाला, बाईनं उगाच वेळ घालवला. तिला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं नाही.

मित्रांनो, तुम्ही त्या काचेमागच्यांसारखे होऊ नका. भिंतीचा रंग कुणीही बघतो. तुम्ही वाकून बोल्ट हलवून बघा, आणि ते आवळणाऱ्या बाईचं नाव विचारा.