मापाचा हार

दिंडोरीत कोंडाजीअण्णांना ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो नुकताच एस.टी.तून उतरलेला असणार. कुणाकडे मयत होवो, कुणाचं पोर दवाखान्यात असो, फुलांचं दुकान बायकोवर सोपवून अण्णा हजर. नवसाबाई म्हणायच्या, "लष्करच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर घरच्या तव्याकडं पण बघा." अण्णा हसायचे आणि पायात चपला सरकवायचे.

त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे समाजाचा सामुदायिक विवाह. ब्याण्णव साली त्यांनी तो घाट घातला. शाळेच्या पटांगणात एकच मांडव, एकच भटजी, एकच पंगत. नियम कडक, आणि फुलवाल्याचा लाडका नियम अर्थातच हारांचा. प्रत्येक नवरीच्या हातात झेंडूचाच हार, तोही एकाच मापाचा. एकीचा जाड न् दुसरीचा बारीक झाला की मांडवात श्रीमंती शिरली म्हणून समजा, असं ते म्हणत. आदल्या दिवशी स्वतः सुतळी घेऊन हार मोजायला बसत.

अठ्ठ्याण्णवच्या लग्नात मल्हारीची रोशनी होती. मल्हारी गावाबाहेरच्या मळ्यात गुलछडी लावायचा. एकुलती एक पोर, दारात मांडव घालायची त्याची फार हौस. अण्णांनी त्याच्या ओसरीवर ठाण मांडून त्याला वळवलं. मल्हारी वळला खरा, पण लग्नाच्या दिवशी आपल्याच मळ्यातल्या गुलछडीचा, मनगटाएवढा जाड हार करून घेऊन आला आणि पोरीच्या हातात दिला. अण्णांनी तो माइकजवळूनच हेरला.

"मल्हारी, तो हार इकडं टेबलावर आणून ठेव. इथं कुणाची लेक जास्त लाडकी नाही."

टाळ्या पडल्या. मल्हारीनं मुकाट्यानं हार टेबलावर नेऊन ठेवला. रोशनी रडायला लागली. नवऱ्या रडतातच, असं अण्णांनी धरलं. पंगती उठल्यावर समितीनं अण्णांचा सत्कार केला. गळाभर पांढरा हार घातलेला तो फोटो त्यांच्या पुढच्या खोलीत अजून आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात अण्णा भलतेच रुबाबदार दिसतात.

मग स्वतःच्या पोरीची वेळ आली. प्रतिभा डी.एड. झालेली, मुलगा दिनेश ओझरच्या विमानांच्या कारखान्यात. सोयरीक सोन्यासारखी. प्रतिभानं लहानपणापासून त्या मांडवात अक्षता वाटलेल्या, त्यामुळे आपलंही लग्न तिथंच होणार हे तिनं गृहीतच धरलेलं. नवसाबाईंनी विचारलं, "यंदाच्या यादीत पहिलं नाव आपल्या पोरीचं ना?"

अण्णांच्या डोळ्यांसमोर ओळ उभी राहिली. एकसारखे हार, एकसारखे शालू, आणि त्या गर्दीत कुठंतरी आपली प्रतिभा. लोकांच्या लेकी त्या ओळीत उभ्या करताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र ती ओळ नकोशी झाली. प्रतिभा एकटी उभी असावी, सगळ्यांनी तिच्याकडंच बघावं, असं त्यांना वाटलं. आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "मुलाकडच्यांना कार्यालयच पाहिजे. त्यांची अट आहे."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं चटकन पचतं, कारण कुणाला शंकाच येत नाही. प्रतिभा म्हणाली, "मी दिनेशशी बोलते." अण्णा खेकसले, "लग्नाआधी पोरीनं असलं काही बोलायचं नसतं." तिनं विषय सोडला. गावभर झालं की अण्णांचा नाइलाज झाला, बिचारे अडकले. लोक हळहळायचे, अण्णा मान खाली घालायचे, आणि ती हळहळही पदरात पाडून घ्यायचे. लाज तेव्हाही वाटत होती. पण ती निभावून नेण्याजोगी होती.

नाशिकला पंचवटीतलं कार्यालय धरलं. हॉल माणसांनी फुलला. तबकात गुलाबाचे दोन जाडजूड हार ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेले. आणि एवढ्यात मल्हारी आला, बरोबर रोशनी, हातात कापडी पिशवी. तो अण्णांकडे आला नाही. थेट व्याह्यांसमोर, भिकाजीरावांसमोर, जाऊन त्यानं हात जोडले.

"पाव्हणं, बोलू का? राग नका मानू. आमच्या अन्नांनी आख्ख्या समाजाच्या पोरी एका मांडवात उजवल्या. अन् त्यांच्याच पोरीला तुम्ही तिथं येऊ दिलं नाय. मानूस बोलत नाय, पर लय लागलंय त्यांच्या जिवाला."

भिकाजीराव बघतच राहिले. "आम्ही? अहो, आमच्या थोरल्याचं लग्न ओझरला सामुदायिकमधेच झालं. अण्णांचं हे काम बघूनच तर ह्या घरात मुलगी बघायला आलो. बैठकीत मी विषय काढणार, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, कार्यालय धरलंय."

अण्णा मागेच उभे होते, हातात अत्तरदाणी. नटलेली प्रतिभा करवल्यांबरोबर दाराशी आलेली. तिनं सगळं ऐकलं. तिनं बापाकडं बघितलं, आणि अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरोखर काही कळतच नव्हतं.

मल्हारीनंही बघितलं. त्याला मात्र कळलं. त्यानं चटकन कानाची पाळी धरली. "माझंच चुकलं, पाव्हणं. लोकं कायबी बोलत्यात, अन् आपन ऐकतो."

मग त्यानं पिशवीतून हार काढला. झेंडूचा, साधा, बारीक. "मापाचाच केलाय, अन्ना. मला वाटलं, बाकी समदं त्यांच्या मनासारखं झालं तरी हार तरी तुमच्या नियमाचा असू दे." आणि मग, तबकाकडं नजर जाताच, "पर ऱ्हाऊ दे. तिकडं आहेत की चांगले."

"नाही, हाच द्या," प्रतिभा म्हणाली आणि तिनं हार घेतला. बापाला विचारलं नाही.

करवल्या तिला घेऊन गेल्या. अण्णांची नजर रोशनीवर गेली. कडेवर मूल घेऊन ती तबकातल्या गुलाबांकडं बघत उभी होती. इतक्या वर्षांत न आलेला प्रश्न त्यांच्या तोंडी आला.

"मल्हारी, तुझा त्या दिवशीचा गुलछडीचा हार... काय केलंस रे त्याचं?"

मल्हारीला नवल वाटलं. "मी काय करनार? तुम्ही सांगितलं तिथं, टेबलावरच ठेवला व्हता. मंग सत्काराच्या वक्ताला समितीवाल्यांनी तुमच्याच गळ्यात घातला की. फोटोत बी हाय. तुम्हाला ठावं नाय?" आणि मग समजूत काढल्यासारखं म्हणाला, "रोशनी तवाच बोलली, जाऊ द्या बाबा, वाया तर नाय गेला."

अण्णांना त्या दुपारचा वास आठवला. पंगतीतून हिंडताना त्यांनी तो हार मुद्दाम काढला नव्हता. संध्याकाळपर्यंत घालून मिरवले होते. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते त्यांना आज खरंच हवं होतं.

माइकवरून व्याहीभेटीचा पुकारा झाला. वाजंत्री सुरू झाली, माणसं गोळा झाली, फोटोवाला पुढं सरसावला. भिकाजीराव झालं गेलं मनात न ठेवता हसत आले आणि त्यांनी हार उचलून धरला.

अण्णा मागं सरकले.

"गळ्यात नको," ते म्हणाले. "हातात द्या."