हत्तीखडकावरची म्हैस

मी एक जुना मातीचा बांध आहे. उंची दोन पुरुष, लांबी चारशे पावलं, स्वभाव चौकस. श्रीलंकेतल्या अनुराधापुराजवळच्या रानातलं एक तळं माझ्या पाठीला टेकून असतं. मित्रांनो, मला गावानं बांधलं असं पाटीवर लिहिलं आहे. माणसांनी माती टाकली हे खरं, पण ती तुडवून घट्ट केली म्हशींनी. पाटीवर त्यांची नावं नाहीत.

माझ्या मोरीतून सुटलेलं पाणी आधी तिकिरिबंडामामांच्या शेतात शिरतं आणि नारळीच्या वळणाआड दिसेनासं होतं. पुढं त्याचं काय होतं, याचं मला फार कुतूहल. अगदी टोकाला सुदुमेनिके नावाची बाई भात लावते, एवढंच ऐकून होतो.

तळ्यात एक हत्तीखडक आहे. पेरणीआधी त्याची पाठ उघडी पडली, तर पाणी टोकापर्यंत पुरत नाही. मग त्या हंगामापुरती माझ्या पायथ्याची जमीन, म्हणजे मुख्यतः मामांचीच, सगळे वाटून कसतात. या रीतीला बेत्म म्हणतात.

एका वर्षी ती पाठ उघडी पडली. पहिल्यांदा दिसली मामांना, कारण पहाटे अंघोळीला तेच येत. त्यांनी तिच्यावर कमळाची पानं व्यवस्थित अंथरली आणि खडक बुडालेलाच आहे, खुशाल पाणी सोडा, असं पाटकरी किरिहामींना सांगून आले. पाणी सुटतं, तर वळणाशीच जिरतं आणि सुदुमेनिकेचं बियाणं करपतं. मला सगळं दिसत होतं. पण बांधाला बोलता आलं असतं, तर गावात आणखी एक पुढारी वाढला असता.

गाव माझ्यावर जमलं. किरिहामींनी मोरीच्या दाराला हात घातला. तेवढ्यात मामांचीच म्हैस पानं खायला तळ्यात शिरली आणि खाता खाता मधोमध चारी पाय कोरडे ठेवून उभी राहिली.

किरिहामींनी दार सोडलं. "मामा, पाण्यावर उभं राहायची सिद्धी हिला कधीपासून?"

"लहानपणापासूनच गुणी आहे ती," मामा म्हणाले.

बेत्म झालं. सुदुमेनिकेचा पट्टा थेट माझ्या पायाशी आला. पाण्याचं पुढं काय होतं, तेही मी अखेर पाहिलं. आधी हिरवं होतं, मग पिवळं. कापणीनंतर तिनं पेंढ्यांचा भारा मामांच्या दारात टाकला.

"तुम्हाला नाही हो, मामा. म्हशीला. खरी साक्ष दिली तिनं."

परत जाताना तिला माझ्या कुशीत खेकड्याचं बीळ दिसलं. दोन वर्षं सगळे त्याच्यावरून ये-जा करत होते. तिनं चिखलाचा गोळा कोंबला आणि टाचेनं दाबला.

मित्रांनो, मला हार नको, नवी पाटी नको. अधूनमधून जवळ या, बिळं बघा, टाच मारा. माणसाची चालेल. म्हशीची असली, तर उत्तमच.