माझ्या धारेचे शिंतोडे

मी स्वयंपाकघरातला नळ बोलतोय. सिंकवर मान वाकवून उभा असतो, तोच. शिकलेला नाही मी, पण बघत आलोय बरंच. सावकाश सांगतो.

कारखान्यात ओतलं, घासलं, चकचकीत करून या घरी बसवलं. आजींची आणि माझी पहिल्या दिवसापासून गट्टी. तीस वर्षं लॉन्ड्रीत चादरी धुतलेली बाई; धुतलं म्हणजे स्वच्छ, एवढंच त्यांना ठाऊक. चिकन आणलं की मला पूर्ण सोडायच्या आणि तीन पाण्यांनी धुवायच्या.

"झाली का आंघोळ कोंबडीची?" सूनबाई विचारायची.

"तुझ्यापेक्षा बरी झाली," आजी म्हणायच्या.

धार मांसावर आपटायची, बारीक थेंब उडायचे. ओट्यावर, सुरीवर, आणि शेजारच्या जाळीवर. तिथं आठ महिन्यांच्या नातीची दुधाची बाटली वाळत असायची. मला दिसायचं सगळं, पण त्यात भ्यायचं काय, ते कळत नव्हतं.

मग नात आजारी पडली. ताप, जुलाब. दोन दिवसांत तिचं रडणंही बारीक झालं. तिला दवाखान्यात ठेवलं, आणि घर असं गप्प झालं की माझं ठिबकणं मलाच ऐकवेना.

पाचव्या दिवशी घरी आली, वाळून गेलेली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सूनबाईनं सांगितलं. कच्च्या चिकनवरचे जंतू धुऊन जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर उडतात. त्यांना मारते ती आच. आतपर्यंत शिजलं की झालं. बाळाला त्यातूनच झालं असेल, असं खात्रीनं नाही सांगता येत.

"म्हणजे मीच पाजलं का गं तिला?" आजींनी विचारलं.

"तसं नाही हो, आई." सूनबाई म्हणाली.

आज पुन्हा चिकन आलं. सूनबाई कामावर, नात खाली रांगतेय, बाटली जाळीवर. आजींनी सवयीनं चिकन सिंकमध्ये ठेवलं. हात माझ्यावर आला.

"बुळबुळीत लागतंय. असंच कसं टाकू?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

माझ्या पोटात पाणी दाबून धरलेलं. चावी फिरली की मला ओकावंच लागतं. भीतीनं मी गार पडलो. चावी अर्धी फिरली, एक थेंब सुटला.

खाली नात हसली. आजींनी चावी उलटी फिरवली, चिकन उचललं आणि तसंच पातेल्यात टाकलं. आता हात कच्च्या चिकनचे; बाटली लांब नेऊन ठेवायला सांगावी तर घरात दुसरं कुणी नाही. म्हणून आधी कोपरानं मला सोडलं आणि साबण लावून बराच वेळ हात धुतले. मग बाटली उचलून लांब ठेवली.

पुढच्या खेपेला काय होईल, देव जाणे. सवय जुनी आहे. बाबांनो, हात धुवायला मला हवं तेवढं सोडा. फक्त कच्चं चिकन माझ्याखाली धरू नका. चावी फिरल्यावर मला थांबता येत नाही.