नॉर्बर्टचं अजून ठरलेलं नाही

लोकशाहीचा पाया म्हणजे मतदार. आणि अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात, जिथे पक्षाचा उमेदवार निवडणारी प्रायमरी साऱ्या देशाच्या आधी होते, तिथे त्या पायाचाही मुख्य दगड म्हणजे ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही असा मतदार. हा दगड आपणच, असं नॉर्बर्ट गान्येचं मत होतं. त्याचं ठरलेलं असं तेवढं एकच मत होतं.

टॅम्बरी गावात त्याचा हा लौकिक जुना. दर चार वर्षांनी बर्फ पडायला लागलं की गव्हर्नर, सेनेटर, एखादा साबणाचा कारखानदार, असे देशाचे अध्यक्ष होऊ बघणारे लोक दारात बूट झटकून त्याच्या स्वयंपाकघरात यायचे, बायकोच्या, क्लॉडेटच्या हातचे ब्लूबेरी मफिन खायचे आणि नॉर्बर्टकडे आशेने बघायचे. नॉर्बर्ट कॉफीत चमचा फिरवत म्हणायचा, "बघू. अजून ठरलं नाही." हे वाक्य तो इतकं सुरेख म्हणायचा की एका सेनेटरने ते ऐकून दुसरा मफिन उचलला होता. फ्रिजवर फोटो होते. नॉर्बर्ट आणि पडलेला उमेदवार, नॉर्बर्ट आणि दुसरा पडलेला उमेदवार. निवडून आलेला एकच होता, पण त्या फोटोत नॉर्बर्टचे डोळे मिटलेले होते.

एरवी तो शाळेतल्या मुलांना गाडी चालवायला शिकवायचा. तिथे मात्र चौक आला की डावीकडे का उजवीकडे हे तो पटकन सांगायचा.

यंदा एका वाहिनीने नवंच काढलं. उमेदवारांची चर्चा टीव्हीवर होणार त्या संध्याकाळी टॅम्बरीच्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा, समोर मन न ठरलेले मतदार बसवायचे आणि बघणाऱ्यांचे चेहरे देशाला दाखवायचे. वाहिनीच्या टॅमसिन नावाच्या बाईंचा फोन आला तेव्हा नॉर्बर्टने "बघू" म्हणून लगेच होकार दिला आणि नवा चौकड्यांचा शर्ट आणला. त्या बाईंनी क्लॉडेटलाही विचारलं होतं. ती म्हणाली, "माझं सप्टेंबरातच ठरलंय." पलीकडून आभार मानून फोन ठेवण्यात आला.

हॉलमध्ये खुर्च्यांवर नावं चिकटवली होती. नॉर्बर्टचं तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून. पहिल्या रांगेत बरोबर मधोमध एव्हरेट लेथ्रॉप.

एव्हरेट म्हणजे रस्त्यापलीकडचा शेजारी, निवृत्त दातांचा डॉक्टर. मॅसॅच्युसेट्सहून येऊन त्याला चौदा वर्षं झाली होती, म्हणजे टॅम्बरीच्या हिशेबाने तो अजून बॅगा उतरवत होता. पहिल्या प्रायमरीला या माणसाने ऑक्टोबरातच अंगणात एका उमेदवाराची पाटी रोवली होती. नॉर्बर्टनेच त्याला समजावलं, "अरे बाबा, एवढ्यात ठरवलंस तर तुझ्याकडे येईल कोण?" एव्हरेटने त्याच रात्री पाटी उपटली. आता तोच पुढे मधोमध बसला होता. गाडी शिकवावी आणि पोराने आपल्यालाच मागे बसवावं, तसं झालं होतं.

"काय नॉर्ब! मागे बसलास?" एव्हरेटने मान वळवून विचारलं.

"इथून सगळं दिसतं."

"सगळं म्हणजे खांब," कॉफीच्या टेबलाजवळ उभी असलेली क्लॉडेट म्हणाली. ठरलेल्यांना खुर्च्या नव्हत्या.

चर्चा सुरू झाली. पडद्यावर पाच उमेदवार एकमेकांचं बोलणं तोडत होते. नॉर्बर्टने पहिलं उत्तर थोडं ऐकलं, पण तेवढ्यात एव्हरेटने चष्मा काढला आणि त्याची काडी दातांत धरली. कॅमेरावाला लगबगीने तिकडे गेला. काडी दातांत धरून एव्हरेट असा काही दिसत होता की जणू देशाच्या आरोग्यविम्याचं आता त्याच्यावाचून अडलंय.

नॉर्बर्टला चष्मा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या चांगल्या नजरेची लाज वाटली.

त्याच्याकडे आपली जुनी विद्या होती. मान अशी हलवायची की धड हो नाही, धड नाही नाही. पण ती विद्या स्वयंपाकघराच्या मापाची होती. तिसऱ्या रांगेतून ती खांबाच्या पुढे गेली नाही. मग त्याने घशातून एक मोठा, विचारी हुंकार काढला.

पुढच्या रांगेतली ग्रंथालयवाली विनिफ्रेड मागे वळली. "बरं वाटत नाहीये का तुला? गोळी आहे माझ्याकडे."

"मी विचार करतोय."

"मग ठीक आहे. मला वाटलं, छातीत वगैरे."

सेनेटर आर्डिथ केसलिंगबाईंनी काहीतरी विनोद केला. हॉल हसला. एव्हरेट हसला नाही, म्हणून कॅमेरा त्याच्यावर गेला. मग सगळे हसायचे थांबले आणि एव्हरेट एकटाच हळूच हसला. कॅमेरा पुन्हा गेला. हा माणूस हसूसुद्धा राखून ठेवतो, शेवटच्या घटकेपर्यंत ठरवत नाही, हे बघून नॉर्बर्टचा तिळपापड झाला. एव्हरेटने भुवई उचलली की हाही उचलायचा. एव्हरेटने उसासा टाकला की हा दोन टाकायचा. विनिफ्रेडने शेवटी न विचारताच गोळी मागे दिली. देशाच्या सरहद्दीचं काय, पेन्शनीचं काय, युद्धाचं काय, यातलं एक अक्षर नॉर्बर्टच्या कानावर पडलं नाही. पण एव्हरेटच्या उजव्या कानामागे तीळ आहे, हे त्याला पक्कं कळलं.

चर्चा संपल्यावर सूत्रसंचालिका डेलिया माइक घेऊन पहिल्या रांगेत आली. "आजच्या चर्चेने तुमच्यात काही बदल झाला?"

एव्हरेटने वेळ घेतला. "खरं सांगू, डेलिया? घरून निघालो तेव्हा माझं जवळजवळ ठरत आलं होतं. आता काहीच कळेनासं झालंय. मी आलो तेव्हापेक्षा जास्त गोंधळलोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेलियाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

नॉर्बर्ट खुर्चीत पुढे सरकला. इतक्या प्रायमऱ्या त्याने आपलं न ठरणं जपलं, धुऊनपुसून ठेवलं, पण ते वाढवताही येतं हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता काय करायचं? उभं राहून "मी त्याच्याहून जास्त गोंधळलोय" म्हणावं, तर ते पोरकट दिसणार.

"आणखी कुणी?" डेलियाने विचारलं.

नॉर्बर्ट खांबाला धरून उभा राहिला. "माझं ठरलं," तो म्हणाला.

कॅमेरा गर्रकन वळला. कॉफीच्या टेबलाजवळ क्लॉडेटचा कप ओठांशीच थांबला. विनिफ्रेड तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अरे देवा, नॉर्बर्ट!"

डेलिया खुर्च्यांमधून वाट काढत आली. "कोण?"

इथे अडलं. नॉर्बर्टने डोळ्यांपुढे पडदा आणून पाहिला, तर त्यावर एव्हरेटचा कानच दिसत होता. बऱ्याच खटपटीने एक टाय आठवला.

"ते हिरव्या टायवाले."

"गव्हर्नर लाइल ब्रँडवोल्ड?"

"तेच."

"त्यांच्या कुठल्या उत्तराने तुमचं मन वळवलं?"

"दुसऱ्या."

"पाणी आणि शेतीबद्दलच्या?"

"ते मोघम बोलले नाहीत," नॉर्बर्ट म्हणाला, आणि कॅमेऱ्याच्या वरून त्याने एव्हरेटकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर जळफळाट दिसेल अशी त्याची खात्री होती. तिथे कीव होती. दात काढायच्या आधी डॉक्टरच्या चेहऱ्यावर असते तशी.

घरी जाताना क्लॉडेट गाडी चालवत होती. चौकात तिने गाडी थांबवली. मग म्हणाली, "ब्रँडवोल्ड? अरे, नाताळाआधी तो आपल्याकडे आला, तेव्हा तू म्हणालास की ज्याला धड गाडी लावता येत नाही त्याने देश काय चालवायचा."

"माणूस बदलतो."

"कोण, तो?"

"मी."

"हं," क्लॉडेट म्हणाली. तिचा हुंकार छोटासाच असायचा, पण समोरच्यापर्यंत पोचायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. नॉर्बर्टने घाईने कॉफी चढवली आणि मफिनची ताटली टेबलाच्या मध्यावर आणली. दारात ब्रँडवोल्डच्या प्रचाराची एक बाई खोकं घेऊन उभी होती. खोक्यात अंगणात रोवायच्या पाट्या होत्या आणि वर मतं मागायला फोन करायच्या लोकांची यादी.

"गव्हर्नरसाहेब केव्हा येतायत?" नॉर्बर्टने विचारलं.

"तुमच्याकडे? कशाला?" बाईंना खरंच कळलं नाही. "तुम्ही तर आमचेच." त्यांनी उभ्याउभ्या एक मफिन उचलला आणि जाताना फाटकाशी एक पाटी रोवून दिली.

गव्हर्नरसाहेब तरीही आले. दुपारी त्यांची गाडी नॉर्बर्टच्याच दारात शिरली, फाटकाला घासून तिरपी उभी राहिली. नॉर्बर्ट कोट न घालता बाहेर धावला.

"गाडी इथे लावली तर चालेल ना?" ब्रँडवोल्डने हात हलवत विचारलं. "आपली पाटी दिसली म्हटलं, घरचंच आहे. मिस्टर लेथ्रॉप हे समोरचेच ना?" आणि रस्ता ओलांडून ते एव्हरेटच्या दारात बूट झटकू लागले.

त्या आठवड्यात रस्त्यापलीकडे गाड्यांची रीघ लागली. नॉर्बर्ट स्वयंपाकघराचा दिवा मालवून पडद्याआडून बघायचा. सेनेटर केसलिंग दोनदा आल्या. दुसऱ्या वेळी केकसुद्धा त्यांनीच आणला होता! नॉर्बर्टसाठी आजवर कुणी बिस्कीटही आणलं नव्हतं. एका संध्याकाळी एव्हरेटचा फोन आला. तो क्लॉडेटने घेतला आणि लगेच ओव्हन तापत ठेवला.

"काय म्हणत होता?"

"उद्या कुणी महापौर येतायत त्याच्याकडे. मफिन हवेत."

"आणि तू देणार?"

"मागितले."

"क्लॉडेट, ते आपले मफिन आहेत! ते मफिन खायला लोक आपल्याकडे यायचे."

"मग या म्हणावं त्यांना," ती पीठ चाळत म्हणाली. "आणि तुला फोन करायचेत ना लोकांना? त्या बाई दोनदा विचारून गेल्या. ठरलेल्या माणसाला काम असतं, नॉर्ब. मला विचार."

मतदानाच्या आधीच्या रविवारी गव्हर्नर ब्रँडवोल्डनी शर्यतीतून माघार घेतली. घरच्या मंडळींबरोबर वेळ घालवायचाय, म्हणाले. त्यांच्या समर्थकांपैकी बहुधा एकटा नॉर्बर्टच त्या बातमीने हरखला. गोठलेल्या जमिनीतून पाटी उपटताना तो शीळ घालत होता. आत येऊन त्याने टॅमसिनबाईंना फोन लावला.

"मी परत न ठरलेला आहे."

"वा! छान, मिस्टर गान्ये. पण आता तसे लोक आमच्याकडे पुरेसे आहेत."

"अहो, ते आत्ताचे. मी मूळचा!"

टॅमसिनबाईंनी पलीकडे कागद चाळले. मग म्हणाल्या, "बघा, मंगळवारी मतदानाच्या शेवटी जमलं तर तुमच्या टाउन हॉलबाहेर आम्ही एकच मतदार घेणार आहोत. ज्याचं सगळ्यात शेवटपर्यंत ठरलं नव्हतं असा. मिस्टर लेथ्रॉपनाही मी हेच सांगितलंय."

"सगळ्यात शेवटी म्हणजे किती शेवटी?"

"अगदी शेवटी," त्या म्हणाल्या आणि त्यांना दुसरा फोन आला.

मंगळवारी क्लॉडेटने सकाळी सातला जाऊन मत दिलं आणि परत येताना बाजारहाट उरकला. नॉर्बर्ट दिवसभर खिडकीत बसून होता. एव्हरेटही आपल्या खिडकीत बसून होता. अंधार पडल्यावर एव्हरेटच्या अंगणातला दिवा लागला, तसा नॉर्बर्टने चौकड्यांचा शर्ट चढवला. दोघे टाउन हॉलच्या पायऱ्यांवर एकदमच पोचले.

"आधी तू," नॉर्बर्ट म्हणाला.

"छे, तू गावचा जुना माणूस."

दोघांनी मतपत्रिका घेतल्या आणि पडदे लावलेल्या शेजारशेजारच्या खणांत शिरले. नॉर्बर्टने खाली वाकून पाहिलं. मधल्या फळीखालून एव्हरेटचे बूट दिसत होते. ते हलत नव्हते.

"काय रे, ठरतंय का?" फळीपलीकडून एव्हरेटचा दबका आवाज आला.

"तुझं?"

"अवघड आहे."

"माझं जास्त अवघड आहे," नॉर्बर्ट म्हणाला. या वेळी त्याला ते मुळीच पोरकट वाटलं नाही.

बाहेर मतदानाच्या प्रमुख मिसेस हेझलटाइन खुर्च्या गोळा करू लागल्या होत्या. "आत कोण आहे?"

"विचार चाललाय," दोन्ही खणांतून आवाज आला.

"पेन्सिलींना टोक आहे ना?"

"आहे."

"मग?"

एव्हरेटचा डावा बूट किंचित सरकला. नॉर्बर्ट आणखी खाली वाकला. बूट परत जागेवर गेला. नॉर्बर्टने मतपत्रिकेवर पेन्सिल टेकवली होती, पण वरची नावं त्याने अजून वाचली नव्हती. मिसेस हेझलटाइननी आधी घंटा वाजवली, मग हॉलच्या अर्ध्या भागातले दिवे मालवले आणि शेवटी दोन्ही पडदे स्वतःच्या हाताने एका झटक्यात ओढले. दोघांनी समोर जो गोल आला तो काळा केला, पेटीशी थोडी ढकलाढकली झाली, आणि दोघे खांद्याला खांदा घासत दारातून एकदमच बाहेर पडले.

मैदानात क्लॉडेट गाडी सुरू ठेवून बसली होती. वाहिनीची गाडी दुपारीच साउथ कॅरोलायनाला गेली होती. तिथली प्रायमरी पुढची होती.